आधी नाडी, मग यंत्र : भावी डॉक्टरांच्या शिक्षणात ‘एआय’ आणि आपल्यापुढचे प्रश्न

‘नीट’चा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यात एखाद्या घरी तरी पेढ्यांचे बॉक्स उघडतात. मालेगाव असो, भिवंडी असो, बीड असो की मिरज. कुणाच्या तरी मुलाचा, आणि आता पुष्कळदा मुलीचा, एमबीबीएसला नंबर लागलेला असतो. घराण्यातली पहिलीच डॉक्टर. त्यासाठी कुठं दागिने मोडलेले असतात, कुठं अब्बूंनी जमीन गहाण टाकलेली असते. मग सगळे नातेवाईक चौकशी करतात. कॉलेज सरकारी की खासगी? फी किती? हॉस्टेल कसं आहे? जेवण कसं मिळतं?

एक प्रश्न मात्र अजून आपल्या तोंडी आलेला नाही. ही मुलं तिथं डॉक्टरकी शिकणार कुणाकडून? प्राध्यापकांकडून, वॉर्डातल्या पेशंटकडून, की हातातल्या मोबाईलमधल्या चॅटबॉटकडून?

हा प्रश्न आता थट्टेचा राहिलेला नाही. आज कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलवर जा. रात्री दोन वाजता शरीररचनेचा न कळलेला भाग मुलं एआयला विचारतात. केस मांडायची तयारी त्याच्याकडून करून घेतात. असाइनमेंटही त्याच्याकडूनच लिहून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये अशा प्रणालींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. आरोग्यक्षेत्रातल्या त्यांच्या ठळक उपयोगांमध्ये डॉक्टर आणि नर्सचं शिक्षण हा एक उपयोग संघटनेने धरला आहे. म्हणजे एआय वर्गात येणार का, ही चर्चा संपली. ते येऊन बसलंय. आता बघायचं ते इतकंच, की त्याला कुठल्या बाकावर बसवायचं.

आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. एआय भावी डॉक्टरांनी शिकलंच पाहिजे, पण त्यात क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी विद्यार्थ्याने पेशंटशी बोलावं, हाताने तपासावं, स्वतःचं निदान कागदावर उतरवावं आणि मग यंत्राला विचारावं. हा क्रम उलटला, तर नुकसान विद्यार्थ्याचं होईलच. पण उद्या त्याच्यासमोर स्टुलावर बसणाऱ्या आपल्या अम्मीचं, दादीचंही होईल.

परीक्षेत तर यंत्र पास झालं

एआयचा बोलबाला झाला तो परीक्षेतल्या गुणांमुळे. अमेरिकेत डॉक्टर होण्यासाठी तीन टप्प्यांची परीक्षा असते. चॅटजीपीटीने कुठल्याही खास तयारीशिवाय या तिन्ही टप्प्यांच्या प्रश्नांत उत्तीर्ण होण्याच्या पातळीच्या आसपास मजल मारली, असा निबंध फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी गुगलच्या ‘मेड-पाम २’ या प्रणालीने अशाच धर्तीच्या प्रश्नसंचात ८६.५ टक्के गुण मिळवले. मग बातम्या सुरू झाल्या की आता डॉक्टरची गरज काय?

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला एक अभ्यास याहून जास्त बोलका आहे. अमेरिकेत ५० डॉक्टरांना कागदावर लिहिलेल्या अवघड केसेस दिल्या. निम्म्यांना नेहमीच्या साधनांसोबत जीपीटी-४ वापरायची मुभा होती, निम्म्यांना फक्त नेहमीची साधनं. दोन्ही गटांचे गुण जवळपास सारखेच निघाले, एकाचे ७६ टक्के तर दुसऱ्याचे ७४. आणि जीपीटी-४ ला एकट्यालाच त्या केसेस दिल्या, तेव्हा त्याने दोन्ही गटांना बरंच मागे टाकलं.

यावरून दोन गोष्टी दिसतात. पहिली, नुसतं साधन हातात दिलं म्हणून डॉक्टर हुशार होत नाही, ते वापरायलाही शिकावं लागतं. दुसरी गोष्ट बातमीत सहसा येत नाही. त्या केसेस कागदावर होत्या. म्हणजे कुणीतरी आधी पेशंटला प्रश्न विचारले होते, पोट दाबून पाहिलं होतं, छातीला स्टेथोस्कोप लावला होता. त्यातलं महत्त्वाचं काय आणि फालतू काय, हे निवडून नीट लिहूनही ठेवलं होतं. बाजारहाट, निवडणं-टिपणं, फोडणी सगळं झाल्यावर यंत्राने फक्त ताट वाढलं. खऱ्या ओपीडीत पेशंट असा टाइप होऊन येत नाही. हार्वर्ड आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२५ मध्ये हेच तपासलं. तीच माहिती आयती न देता संवादातून, एकेक प्रश्न विचारून काढायला लावली, तेव्हा याच प्रणालींची अचूकता बरीच घसरली.

डॉक्टरकीचं अर्ध्याहून जास्त काम त्या आयत्या कागदाच्या आधीचं असतं. आणि ते शिकायला विद्यार्थ्याला फक्त साडेचार वर्षं आणि एक वर्षाची इंटर्नशिप मिळते.

बिनपगारी, न चिडणारा मास्तर

एआयचे फायदे नाकारणं हा करंटेपणा होईल. उलट आपल्या समाजातल्या मुलांना त्याचा फायदा इतरांपेक्षा जास्त होऊ शकतो.

‘नीट’ आज १३ भाषांत देता येते. त्यात मराठी आहे, उर्दूही आहे. पण एमबीबीएसच्या पहिल्या दिवसापासून सगळा कारभार इंग्रजीत. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेली मुलगी वर्गात मागच्या बाकावर गप्प बसते. विषय कळत नाही असं नसतं, वाक्य कळत नसतं. विचारायला लाज वाटते. बाहेरची शिकवणी परवडत नाही. अशा मुलीला एआय हा रात्री-अपरात्री हजर असणारा, दहादा विचारलं तरी न चिडणारा मास्तर आहे. ‘मूत्रपिंड मीठ कसं गाळतं ते सोप्या मराठीत सांग’, ‘आता हेच इंग्रजीत परीक्षेत कसं लिहू?’ असं ती बिनधास्त विचारू शकते. कालपर्यंत ही सोय फक्त पैसेवाल्यांना होती.

दुसरा फायदा सरावाचा. कॉम्प्युटरवरचा खोटा पेशंट हा शिक्षणातला चांगला प्रयोग आहे. विद्यार्थी त्याला प्रश्न विचारतो, तो उत्तरं देतो, आणि शेवटी प्रणाली सांगते की तू औषधांची अ‍ॅलर्जी विचारलीच नाहीस. खऱ्या पेशंटवर अशी चूक जिवावर बेतू शकते, इथं ती फुकटात सुधारते. दुर्मीळ आजारांचंही तसंच. जो आजार पाच वर्षांत एकदाही वॉर्डात दिसणार नाही, त्याच्या पन्नास फिल्म एका संध्याकाळी पाहता येतात.

तिसरा, हे तंत्र दवाखान्यात खरंच उपयोगी पडतंय. छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोगाचा संशय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तपासणीसाठी मान्यता दिली, १५ वर्षं आणि त्यावरील वयाच्या लोकांसाठी. या क्षेत्रात जगभर नाव झालेली ‘क्यूअर डॉट एआय’ ही कंपनी आपल्या मुंबईतलीच. भिवंडीच्या यंत्रमागवाल्या वस्तीत किंवा गोवंडीच्या दाटीवाटीत क्षयरोग काय असतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. जिथं रेडिओलॉजिस्ट पोचत नाही, तिथं असं सॉफ्टवेअर जीव वाचवू शकतं. उद्याच्या डॉक्टरला ते वापरता आलंच पाहिजे.

नवखाच सगळ्यात आधी फसतो

आता दुसरी बाजू. हे तंत्र विद्यार्थ्याच्या हाती पडतं, तेव्हा नेमकं काय होतं?

जर्मनीत २०२३ मध्ये एक प्रयोग झाला. स्तनांच्या एक्स-रे फिल्म वाचणारे २७ रेडिओलॉजिस्ट घेतले. काही नवखे, काही मध्यम अनुभवाचे, काही मुरलेले. त्यांना ५० फिल्म दिल्या आणि प्रत्येक फिल्मसोबत ‘एआयचं मत’ म्हणून एक उत्तर दिलं. त्यातली काही उत्तरं मुद्दाम चुकीची ठेवली होती. एआयचं उत्तर बरोबर होतं, तेव्हा नवख्यांचं उत्तर सुमारे ८० टक्के वेळा बरोबर आलं. एआय चुकलं, तेव्हा नवख्यांचं बरोबर येण्याचं प्रमाण जेमतेम २० टक्क्यांवर आपटलं. मुरलेल्या डॉक्टरांनाही चकवा बसला, ते ८२ वरून ४५ टक्क्यांच्या आसपास आले. पण त्यांच्यातल्या जवळपास निम्म्या उत्तरांत अनुभव यंत्रापेक्षा वरचढ ठरला. नवख्यांकडे तो अनुभवच नव्हता.

हे आकडे प्रत्येक मेडिकल कॉलेजच्या भिंतीवर लावावेत असे आहेत. एआयची चूक पकडायला जे ज्ञान लागतं, तेच ज्ञान मिळवायच्या वयात विद्यार्थ्याने एआयवर भिस्त ठेवली, तर पुढं चूक पकडणार कोण?

बरं, एकदा शिकलेलं कायम टिकतं असंही नाही. पोलंडमधल्या चार केंद्रांचा अभ्यास ऑगस्ट २०२५ मध्ये आला. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणारे १९ अनुभवी डॉक्टर, प्रत्येकाने दोन हजारांहून जास्त तपासण्या केलेल्या. तिथं २०२१ च्या अखेरीस एआय आलं. पुढं कर्करोगात बदलू शकणाऱ्या गाठी ते पडद्यावर दाखवून देतं. काही महिन्यांनी याच डॉक्टरांनी एआयशिवाय केलेल्या तपासण्या पाहिल्या. आधी २८.४ टक्के तपासण्यांत अशा गाठी सापडत होत्या, ते प्रमाण २२.४ टक्क्यांवर आलं होतं. हा एकच अभ्यास आहे, त्यावरून लगेच शेवटचा निकाल काढू नये. पण हजारो तपासण्या केलेल्यांची नजर काही महिन्यांत सैल पडू शकत असेल, तर ज्याची नजर अजून तयारच झालेली नाही त्याचं काय?

वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक इथं तीन धोके वेगवेगळे मोजतात. पहिला, आलेलं कौशल्य गंजणं. दुसरा, कौशल्य मुळात अंगी न येणं. तिसरा, यंत्राची चूकच ‘बरोबर’ म्हणून अंगवळणी पडणं. अनुभवी डॉक्टरला पहिल्याची भीती. आपल्या मुलांना दुसऱ्या आणि तिसऱ्याची. गंज घासून निघतो हो, पण जे भांडं घडलंच नाही ते घासणार कसं?

‘छातीत गॅस अडकलाय’

आपल्या घरातली माणसं डॉक्टरसमोर कशी बोलतात, ते आठवून पाहा.

‘जी घाबरतंय.’ ‘हातपाय गळून गेलेत.’ ‘अंगात कसर आहे.’ ‘तळपायाची आग होते.’ ‘छातीत गॅस अडकलाय, बाकी काही नाही.’ ‘अंगावरून जातंय.’ यातलं एकही वाक्य पाठ्यपुस्तकात नाही. ‘गॅस’ म्हणणाऱ्या पन्नाशीच्या माणसाचा तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. ‘अंगावरून जातंय’ म्हणजे पांढरं की लाल, किती दिवसांपासून, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि विचारायची पद्धत चुकली, तर आपली बाई उत्तरच देणार नाही. पुष्कळदा ती बोलतच नाही, सोबत आलेला नवरा किंवा सासू बोलते. तेव्हा हलकेच ‘तुम्ही जरा बाहेर थांबा’ म्हणायचं, खुर्ची जवळ ओढायची आणि तिच्या दखनीत किंवा कोकणीत पहिला प्रश्न टाकायचा. हे कौशल्य कुठल्या अ‍ॅपमधून येत नाही. ते वॉर्डात, सिनियर डॉक्टरच्या मागं उभं राहून, दहादा चुकून येतं.

रमजानचं उदाहरण घ्या. मधुमेहाच्या पेशंटने रोजे ठेवताना औषधांच्या वेळा कशा बदलाव्यात, कुणी रोजा ठेवूच नये, यावर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या सहभागाने तयार झालेल्या सविस्तर मार्गदर्शक सूचना आहेत. एआयला विचारा, तो धडाधडा सांगेल. पण समोरची दादी रोजे ठेवतेय, हे त्याला सांगणार कोण? ती स्वतः सांगत नाही, कारण डॉक्टर मना करील अशी तिला धास्ती. तिची साखर दुपारी का घसरतेय, याचं उत्तर रिपोर्टमध्ये नसतं. ‘दादी, रोजे चालू हैं क्या?’ एवढा एक प्रश्न लागतो. तो प्रश्न सुचायला माणूस माहीत असावा लागतो. आणि तो फक्त मुस्लिम डॉक्टरलाच सुचावा असंही नाही. नाव कुलकर्णी असो की कांबळे, ज्याने आपल्या वस्तीतल्या पेशंटशी मन लावून बोलायचं शिक्षण घेतलंय, त्या प्रत्येकाला तो सुचतो.

राष्ट्रीय अभ्यासक्रमात याची जाण आहे. २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून पेशंटशी ओळख, स्थानिक भाषेचा परिचय, वागणूक-नीती-संवाद यांचा वेगळा भाग आणि कौशल्य प्रयोगशाळा आहेत. नंतर विद्यार्थ्यांनी काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याकडे लक्ष देण्याचा उपक्रमही आला. कागदावर हे सगळं उत्तम आहे. भीती एवढीच की कुटुंबाला न भेटता भेटीचा अहवाल एआयकडून लिहून घ्यायची पळवाट आता फार सोपी झालीय.

यंत्र कुणाला पाहून शिकलं?

कोरोनात आपण घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणलं. त्यावरचा आकडा पाहून ॲम्ब्युलन्स बोलवायची की नाही ते ठरत होतं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ असा बऱ्यापैकी आकडा दाखवत असताना रक्त तपासल्यावर ऑक्सिजन धोकादायक पातळीवर निघाला, अशा वेळा गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के होत्या आणि काळ्या पेशंटमध्ये ११.७ टक्के. यंत्राला कुणाबद्दल आकस नव्हता. गडद कातडीवर ते कमी अचूक होतं आणि वर्षानुवर्षं कुणी फारसं विचारलंच नव्हतं.

एआयचंही तसंच आहे. ते जे पाहून शिकतं, तेवढंच त्याचं जग. अमेरिकेत कोट्यवधी लोकांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या प्रणालीची चिकित्सा २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. कुणाला जास्त देखभालीची गरज आहे हे ती ठरवत होती, पण मोजत होती आजवर झालेला खर्च. गरिबाने उपचारच कमी घेतलेले, म्हणून खर्च कमी, म्हणून यंत्राच्या लेखी तो ‘जास्त बरा’. ती चूक दुरुस्त केली असती, तर जादा मदत मिळणाऱ्यांमध्ये काळ्या पेशंटचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर गेलं असतं.

जे लोक उशिरा दवाखान्यात जातात, अर्धवट उपचार सोडतात, ज्यांच्या नोंदी नीट नसतात, त्यांच्यावर अशी चूक पहिली कोसळते. आपल्या वस्त्यांना हे वर्णन लागू पडतं की नाही, ते ज्याने त्याने ठरवावं. म्हणून भावी डॉक्टरला एआय चालवण्याआधी त्याला प्रश्न विचारायला शिकवलं पाहिजे. हे कुणाच्या माहितीवर शिकलं? माझ्या पेशंटसारखी माणसं त्यात होती का? ते चुकतं तेव्हा कशा प्रकारे चुकतं?

कॉलेजं उभी राहिली, शिकवणारे?

भारतात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०१४ पूर्वी देशात ३८७ मेडिकल कॉलेजं आणि एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या. २०२४ मध्ये कॉलेजं ७३१ झाली आणि जागा १,१२,११२. महाराष्ट्रातच ऑक्टोबर २०२४ मध्ये एकाच दिवशी १० नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. त्यात जालना, हिंगोली, बुलढाणा, वाशिम, गडचिरोलीसारखे जिल्हे आहेत. ही आनंदाचीच गोष्ट आहे. मराठवाडा-विदर्भातल्या मुलांना घराजवळ जागा मिळाल्या, पेशंटला घराजवळ मोठा दवाखाना मिळेल.

पण इमारत दोन वर्षांत उभी राहते, प्राध्यापक घडायला पंधरा वर्षं लागतात. शिकवणाऱ्यांची कमतरता ही आज देशातल्या वैद्यकीय शिक्षणाची जुनी दुखणी आहे. आणि नेमका इथंच एआयचा मोह पडतो. ‘प्राध्यापक मिळत नाहीत ना, मग सॉफ्टवेअर घ्या. पेशंट कमी आहेत ना, मग पडद्यावरचे पेशंट दाखवा.’ हा मार्ग स्वस्त आहे आणि तपासणीला आलेल्या पथकाला चकचकीतही दिसतो.

उद्या यातून दोन प्रकारचे डॉक्टर तयार होतील अशी आम्हाला खरी भीती वाटते. मोठ्या शहरातल्या जुन्या कॉलेजात भरपूर पेशंट, अनुभवी सर आणि वर एआय. लहान गावातल्या नव्या कॉलेजात फक्त एआय. आपली बरीच मुलं कुठल्या कॉलेजात जाणार आणि आपल्या वस्तीत कुठला डॉक्टर येणार, याचा अंदाज करायला ज्योतिषी नको.

२०१६ मध्ये एआयचे मोठे संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं, कारण पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल. पुढं २०२४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, पण हे भाकीत काही खरं झालं नाही. रेडिओलॉजिस्ट आजही हवे आहेत आणि कमीच पडतात. त्यांचं ऐकून कॉलेजांनी खरंच ती शाखा बंद केली असती, तर आज काय झालं असतं?

पेशंटचा फोटो कुठं गेला?

एक गोष्ट आपल्या मुलांना आजच घरी बसवून सांगण्यासारखी आहे. वॉर्डातल्या पेशंटचा एक्स-रे, रिपोर्ट किंवा जखमेचा फोटो काढून फुकटच्या चॅटबॉटवर टाकायचा आणि ‘काय असेल?’ विचारायचं, ही सवय घातक आहे. त्या कागदावर नाव असतं, वय असतं, दवाखान्याचा नंबर असतो. एकदा ते बाहेर गेलं की कुठल्या देशातल्या कुठल्या सर्व्हरवर पडलं, ते ना पेशंटला कळतं ना विद्यार्थ्याला. एखाद्या अविवाहित मुलीचा रिपोर्ट असा बाहेर गेला तर तिच्या घरावर काय बेतेल, याची कल्पना आपल्याला आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२३ मध्ये आरोग्यक्षेत्रातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक सूचना काढल्या. पेशंटची संमती, माहितीची गुप्तता आणि शेवटचा निर्णय माणसाच्या हाती, ही तत्त्वं त्यात आहेत. त्याच वर्षी व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने मंजूर केला. पण कायदा वर्गात शिकवला नाही तर तो पुस्तकातच राहतो. पेशंटची गोष्ट म्हणजे अमानत, आणि अमानत तिसऱ्याच्या हाती देत नाहीत. आपल्या मुलांना एवढं वाक्य पुरे आहे.

मग करायचं काय?

बंदी घालून काही होणार नाही. मुलं बाथरूममध्ये जाऊन विचारतील. त्यापेक्षा कॉलेजांनी काही साधे नियम करावेत. त्यांना ना मोठा खर्च लागतो, ना परदेशी सल्लागार.

पहिला नियम, आधी स्वतःचं उत्तर. पेशंट पाहिल्यावर विद्यार्थ्याने तीन संभाव्य निदानं आणि त्यांची कारणं हाताने लिहावीत. त्यावर सही, वेळ. त्यानंतरच एआय उघडावं. दोघांचं जुळलं नाही, तर का जुळलं नाही ते शिक्षकासमोर मांडावं. खरं शिकणं त्या भांडणातच होतं.

दुसरा, एआयची चूक शोधण्याचा तास. आठवड्यातून एकदा यंत्राची मुद्दाम निवडलेली चुकीची उत्तरं विद्यार्थ्यांपुढं टाकावीत आणि चूक शोधायला लावावी. जर्मनीतल्या प्रयोगात नवखे जिथं आपटले, तिथंच त्यांना आधी सराव मिळाला पाहिजे.

तिसरा, यंत्राविना परीक्षा. वॉर्डातली प्रात्यक्षिक परीक्षा, पेशंटच्या खाटेजवळची, मोबाईल बाहेर ठेवून. वीज गेल्यावर, नेटवर्क नसताना, आंबेगावच्या किंवा अक्कलकुव्याच्या आरोग्य केंद्रात रात्री बाळंतीण आल्यावर डॉक्टरजवळ काय उरतं? डोळे, कान आणि दोन हात. ते तयार आहेत की नाही, हे कॉलेजने तपासून मगच डिग्री द्यावी.

चौथा, एआयने पेशंटची जागा घ्यायची नाही. पडद्यावरचे पेशंट सरावाला जरूर हवेत, पण वॉर्डातल्या तासांच्या बदल्यात ते मोजू नयेत. नियामक संस्थेने हे स्पष्ट लिहूनच द्यावं.

आणि आपण, घरच्यांनी? प्रवेशाच्या वेळी फीसोबत चार प्रश्न विचारायला शिकूया. इथल्या ओपीडीत रोज पेशंट किती येतात? विभागात शिकवणारे प्रत्यक्षात किती आहेत? एआय वापरण्याबाबत कॉलेजचे लेखी नियम आहेत का? पेशंटची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून काय केलंय? युनानी, आयुर्वेद, दंतवैद्यक, नर्सिंग, फार्मसी कुठल्याही शाखेला जाणाऱ्या मुलासाठी हे चार प्रश्न थोड्याफार फरकाने लागू पडतात.

शिक्षकाशी वाद घालणारा विद्यार्थी

वैद्यकाच्या इतिहासातली एक गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या शतकातल्या ग्रीक वैद्य गॅलेनने लिहून ठेवलं होतं की हृदयाच्या मधल्या पडद्याला न दिसणारी छिद्रं असतात आणि त्यातून रक्त उजवीकडून डावीकडे जातं. गॅलेनचा शब्द म्हणजे त्या काळचा अखेरचा शब्द. हजार वर्षं मोठमोठ्या वैद्यांनी तो मानला, इब्न सीनाच्या ग्रंथावरही त्याची छाप होती. तेराव्या शतकात दमास्कसच्या रुग्णालयात शिकलेल्या इब्न अल-नफीस या तरुण वैद्याने याच इब्न सीनाच्या ग्रंथावर टीका लिहिताना स्पष्ट म्हटलं की तो पडदा जाड आहे, त्यात छिद्रं नाहीत, रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येतं. तो बरोबर होता.

गॅलेन आजच्या एआयसारखाच होता. अफाट माहिती, ठाम सूर, बहुतेक वेळा बरोबर. म्हणूनच त्याची चूक सापडायला इतकी शतकं लागली. ती सापडली, कारण एका विद्यार्थ्याने ग्रंथ पूर्ण वाचला होता, शरीराबद्दल स्वतः विचार केला होता आणि मोठ्या नावाला न घाबरता ‘हे असं नाही’ म्हणायची तयारी ठेवली होती.

आपल्या मुलांना आपण एआयपासून दूर ठेवू नये, आणि त्याच्या हवालीही करू नये. त्यांना इतकं शिकू द्यावं की यंत्र बरोबर असेल तेव्हा त्याचं ऐकतील आणि चुकलं तर त्याला अडवतील. त्यासाठी वॉर्डातली दमछाक, सरांची बोलणी, पेशंटच्या नातेवाइकांची कटकट, रात्रपाळीचे जागरण हे सगळं सोसावं लागेल. त्याला जवळचा रस्ता नाही. मुलगी फोनवर ‘अम्मी, आज दिवसभर वॉर्डात उभी होते, पाय तुटले’ म्हणाली, तर तिला आराम कर म्हणा, जेवलीस का विचारा. पण तिची काळजी करू नका. ती डॉक्टर होतेय.